पोरीची सायकल भिंतीला लावू नका!

दिवाळी होते, भाऊबीजेला आलेल्या लेकीबाळी आपापल्या घरी जातात आणि सुट्टी संपून शाळा पुन्हा भरू लागतात. याच सुमाराला आमच्या जावळी तालुक्यात दरवर्षी एक गोष्ट गुपचूप घडते. तिची बातमी होत नाही, कुणी तक्रारही करत नाही. वाडीवस्तीवरच्या मुलींच्या सायकली एकेक करून पडवीत भिंतीला लागतात. मग त्यांच्यावर पोतं पडतं, मग शेजारी सरपण रचलं जातं, आणि एखाद्या घरी तर कॅरेजवर कोंबडीच बसायला लागते! फेब्रुवारीत ऊन चढलं की सायकलीची आठवण होते. तोवर टायर बसलेले असतात आणि चेन गंजून लाल झालेली असते.

आईला विचारावं तर उत्तरं ठरलेली. "आवं, सकाळचं लई धुकं पडतंय." "सहालाच अंधार हुतो, पोरीची जात हाय." "मागल्या साली भिजून आली आन् आठ दिस तापानं पडली." यातली एकही आई लेकीची वैरीण नाही. तिची भीती खरी आहे. पण गंमत बघा, त्याच धुक्यात, त्याच रस्त्यानं भावाची सायकल मात्र चालू असते!

मैत्रिणींनो, हा विषय वरवर पाहता सायकलीचा वाटतो, पण आहे शिक्षणाचा. दहावीचे जादा तास नेमके डिसेंबर-जानेवारीत असतात. कुठं सकाळी सातला, कुठं शाळा सुटल्यावर संध्याकाळी. सायकल बंद झाली की आधी जादा तास बुडतो. मग गणित राहतं, मग इंग्रजी राहतं. सहामाहीला बरे गुण मिळवणारी मुलगी सराव परीक्षेत मागं पडते. आणि एकदा का घरात "हिचं डोकं चालंना" असं कुणी म्हटलं, की पुढची वाट आपल्याला ठाऊक आहे. कुणीतरी मावशी स्थळ घेऊन येतेच.

म्हणून आज थंडीतल्या सायकलीबद्दलच बोलू या.

आपल्या खोऱ्यातली थंडी

मेढ्याची थंडी साधी नाही. आपली वेण्णा नदी महाबळेश्वरच्या डोंगरातून येते. डिसेंबर-जानेवारीत तिथं वेण्णा लेक आणि लिंगमळ्याच्या परिसरात दव गोठून त्याचे पांढरे हिमकण होतात, त्याचे फोटो दरवर्षी पेपरात येतात. थंड हवा जड असते. रात्री ती डोंगरउतारावरून खाली सरकते आणि खोऱ्यात साचून राहते. त्यात नदीची आणि खाली कण्हेर धरणाच्या पाण्याची वाफ मिसळते. म्हणून सकाळी झाडाखालून जाताना पाऊस पडल्यासारखं टपटप पाणी अंगावर येतं. पावसाळा संपला तरी आपल्याकडं ओल काही संपत नाही.

दुसरी गोष्ट अंधाराची. साताऱ्याच्या बाजूला नोव्हेंबरच्या शेवटी आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या आसपासच मावळतो. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळानं मोठा होतो असं आपण म्हणतो, आणि ते खरंही आहे. पण ही वाढ पदरात पडते ती संध्याकाळच्या बाजूनं. सकाळचा सूर्य जानेवारीच्या मध्यानंतरही काही दिवस सात वाजून गेल्यावरच उगवतो. आपल्या खोऱ्यात तर पूर्वेचा डोंगर ओलांडून ऊन अंगावर यायला आणखी वेळ लागतो. सातच्या तासाला जाणारी मुलगी घर सोडते ती चांगल्या अंधारात. म्हणजे संक्रांत झाली, आता काळजी नाही, असं धरून चालता येत नाही.

तो २०२१ चा हिवाळा

थंडी, ओल आणि प्रवास यांचा खेळ आपण सगळ्यांनी एकदा फार जवळून पाहिला आहे. ४ ऑक्टोबर २०२१ ला, कोरोनाच्या लांबलेल्या सुट्टीनंतर, गावाकडच्या पाचवी ते बारावीच्या शाळा उघडल्या. मुली किती आनंदात होत्या! आणि महिनाभरातच एसटी कर्मचाऱ्यांचा संप राज्यभर पसरला. तो संपायला एप्रिल २०२२ उजाडला. अख्खा हिवाळा लाल गाडीविना गेला. मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, पण गाडीच नाही तर पास काय कामाचा? वडापचे पैसे रोज कोण देणार? शिवाय कोंबून भरलेल्या जीपमध्ये वयात आलेल्या मुलीला पाठवायला आया कचरतात, ते वेगळंच.

त्यातच १ आणि २ डिसेंबरला भर थंडीत अवकाळी पाऊस कोसळला. पुणे जिल्ह्यात माळावर बसलेल्या मेंढरांच्या कळपांतली शेकडो मेंढरं एका रात्रीत गारठून मेली. नुसती थंडी मेंढरांना नवी नसते, त्यांच्या अंगावर लोकर असते. पण लोकर भिजून चिंब झाली, वर वारं सुटलं आणि आडोसा नव्हता. थंडी, ओल आणि वारा हे तिघं एकत्र आले की काय होतं, ते त्या रात्रीनं दाखवलं.

त्या हिवाळ्यात अडगळीतल्या सायकली बाहेर निघाल्या. आम्ही काही जणी तेव्हा वाडीवस्तीवर फिरत होतो. काही मुली आठ दिवसांत थकून घरी बसल्या, काही शेवटपर्यंत येत राहिल्या. येत राहिलेल्या मुली काही जास्त धीट नव्हत्या, की त्यांच्या सायकली भारी नव्हत्या. त्यांच्याजवळ दोन गोष्टी होत्या. दप्तरात कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि रस्त्यावर सोबत. बाकी सगळं यांच्या मागून येतं.

सायकलीनं काय होतं?

"एवढं काय सायकलीचं कौतुक?" असं कुणी विचारलं तर दोन उदाहरणं सांगा.

पहिलं तमिळनाडूतलं. १९९१ च्या सुमाराला पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरतेची मोठी मोहीम निघाली. शीला राणी चुंकत या तिथं जिल्हाधिकारी होत्या. मोहिमेत बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवायची, असं ठरलं. शेतमजूर, दगडखाणीत राबणाऱ्या, अंगणवाडीतल्या हजारो बायका सायकल शिकल्या. पाणी आणणं, माल बाजारात नेणं, पोराला शाळेत सोडणं, कशासाठीच कुणाची वाट बघायची गरज उरली नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं.

दुसरं बिहारचं. तिथं २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी सरकार पैसे देऊ लागलं. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. योग्य वयात हायस्कुलात दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, आणि मुलगे-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली. सगळ्यात जास्त फायदा झाला तो शाळा तीन किलोमीटरच्या पलीकडं असलेल्या गावांना. आपल्याकडं अशा वाड्या काय कमी आहेत?

आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. बऱ्याच जिल्हा परिषदा महिला व बालकल्याण विभागातून सायकली देतात. आपल्या पंचायत समितीत जाऊन चौकशी करायला लाजू नका. पण मिळालेली सायकल वर्षातले तीन-चार महिने भिंतीला लागणार असेल, तर त्या योजनेचा उपयोग काय?

आधी ओल सांभाळा

थंडी सोसवते, ओल सोसवत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे २५पट वेगानं अंगातली ऊब ओढून घेतं. म्हणून कोरडा साधा सुती सदरा भिजलेल्या जाड स्वेटरपेक्षा बरा. आता ही ओल येते तीन वाटांनी. वरून धुकं-दव, खालून चाकानं उडवलेलं पाणी, आणि आतून घाम!

घामाकडं आपलं लक्षच जात नाही. आई लेकीला शर्ट, स्वेटर, वर जॅकेट, डोक्याला स्कार्फ असं गच्च बांधून पाठवते. चढ आला की पोरगी घामाघूम होते. वर्गात बसली की तोच घाम गार पडतो आणि हुडहुडी भरते. निघताना थोडीशी थंडी वाजली पाहिजे, पाच मिनिटं पायडल मारलं की अंग आपोआप तापतं. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे बरे, एक काढता येतो. चढाला स्वेटर काढून दप्तरात ठेवायचा, उताराला परत घालायचा.

उतारावर छातीला वारं झोंबतं. त्यावर एक जुना उपाय आहे. वर्तमानपत्राची घडी स्वेटरच्या आत, छातीवर सरकवायची. परदेशातल्या मोठ्या शर्यतींतले सायकलपटूसुद्धा घाट उतरताना हेच करत आले आहेत. कागद वारं अडवतो आणि शाळेत पोचल्यावर काढून टाकता येतो. हे पान वाचून झालं की रद्दीत टाकायची घाई करू नका!

आता बाकीच्या गोष्टी.

मडगार्ड दोन्ही चाकांना हवं, आणि मागच्या मडगार्डला रबराची झालर. ती नसेल तर पाठीवर चिखलाची रांगोळी ठरलेली. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून दोन स्क्रूनं लावता येतो, सायकलवाला पाच मिनिटांत करून देतो.

बूट आणि मोजे ओले झाले की दिवस वाया जातो. मोज्यावर दुधाची धुतलेली, कोरडी पिशवी चढवून मग बूट घालायचे. दिसत नाही, पण पाय कोरडे राहतात. बूट भिजलेच तर रात्री त्यात कागदाचे बोळे भरून ठेवायचे. चुलीपुढं ठेवले तर रबर तडकतं आणि चिकटवलेला तळ सुटतो.

हातमोजे नसतील तर घरातले जुने मोजे हातात घालता येतात. बोटं बधिर झाली की ब्रेक वेळेवर दाबला जात नाही, म्हणजे हातमोजा हा ऊबेबरोबर सुरक्षिततेचाही भाग झाला.

सीट रात्रभर दवात भिजते. तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवा, सकाळी काढा. ओल्या सीटवर बसून दिवसभर ओल्या कपड्यात राहिल्यानं जांघेत खाज सुटते, नायटा होतो. मुली लाजेनं सांगत नाहीत. पाळीच्या दिवसांत सायकल चालवली तर काही होतं, हा समजही सोडून द्या. बरं वाटत असेल तर खुशाल चालवावी, फक्त दप्तरात जादा पॅड आणि जादा कपडा असावा.

आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो कोरडा जोड. सलवार किंवा स्कर्ट, एक टॉप, मोजे आणि छोटा पंचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दप्तराच्या तळाशी कायम ठेवायचा. आठवड्यातून एकदा काढून ऊन द्यायचं. वह्या-पुस्तकांनाही अशीच पिशवी हवी. पूर्वी आपल्या आज्या पोत्याची खोळ करून डोक्यावर घ्यायच्या, घोंगडं बरोबर ठेवायच्या. घोंगडं भिजलं तरी काही ऊब धरतं, कारण ती लोकर आहे. आज पोरी खोळ घेणार नाहीत, पण बिनबाह्यांचा साधा रेनकोट डिसेंबरातही कॅरेजला अडकवलेला असावा. अवकाळी पाऊस सांगून येत नाही.

मुलगी भिजून, थरथरत घरी आलीच तर आधी सगळे ओले कपडे काढा, अंग कोरडं करा, चादरीत गुंडाळा आणि गरम गोड चहा किंवा दूध द्या. बधिर झालेले हातपाय एकदम शेकोटीवर धरू नका, चटका बसलेला कळत नाही. बोलणं अडखळत असेल, ग्लानी येत असेल, तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठा. दमा असलेल्या मुलीनं नाकातोंडावर पातळ कपडा घ्यावा आणि डॉक्टरांनी दिलेला पंप जवळ ठेवावा.

दिसाल तर वाचाल

आता रस्त्याचं. ताशी ६० किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढं येते. ड्रायव्हरला समोरचं माणूस दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दोन सेकंद गेले, तर गाडी ३०-३५ मीटर आलेली असते. ब्रेक त्यानंतर लागायचा! निळा युनिफॉर्म, वर चॉकलेटी स्वेटर, पाठीवर काळं दप्तर अशी आपली मुलगी त्याला धुक्यात किती लांबून दिसेल, तुम्हीच विचार करा.

यावर उपाय आहे रेडियमचा. गाड्यांवर नंबर आणि देवाची नावं चिकटवून देणारा रेडियमवाला प्रत्येक तालुक्याच्या गावी असतो. त्याच्याकडून लाल आणि पांढऱ्या पट्ट्यांचे तुकडे आणा. पांढरी पट्टी पुढं हँडलखाली, लाल मागच्या मडगार्डवर. दप्तराच्या मागच्या बाजूला एक आडवी पट्टी शिवून घ्या. बुटाच्या टाचेवर छोटा तुकडा लावा. पायडल मारताना टाच वर-खाली होते आणि हलणारा उजेड ड्रायव्हरच्या नजरेत लगेच भरतो. नव्या सायकलीला रिफ्लेक्टर असतातच, पण चिखलानं माखलेला रिफ्लेक्टर असून नसल्यासारखा. तो रोज पुसायला हवा.

मात्र रेडियम स्वतः उजेड देत नाही, समोरच्याचा उजेड परत फेकतं. ज्या गाडीचा दिवाच बंद आहे, तिला ते दिसणार नाही. म्हणून पुढं पांढरा आणि मागं लाल दिवा हवाच. आमच्या लहानपणी चाकाला घासून घरघर करणारा डायनामो असायचा, सायकल थांबली की दिवाही जायचा! आता मोबाईलच्या चार्जरवर चार्ज होणारे छोटे दिवे मिळतात. दोन्ही घेणं परवडत नसेल तर आधी मागचा लाल घ्या, कारण मागून येणारी गाडी मुलीला दिसत नाही. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडानं डोळे दिपले तर तिकडं न बघता रस्त्याच्या डाव्या कडेकडं बघत वेग कमी करायचा, हे मुलींना सांगून ठेवा.

एक घोटाळा पुष्कळ घरांत दिसतो. पायी चालणाऱ्यानं समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं उजव्या कडेनं चालावं, हे बरोबर. पण सायकल हे वाहन आहे. ती डावीकडूनच चालवायची. "समोरून गाडी दिसती" म्हणून सायकल उजवीकडून नेणं धोक्याचं आहे.

ओढणी आणि स्कार्फची टोकं मोकळी सोडू नका. ओढणी आडवी घेऊन कमरेला गाठ मारायची. चाकात किंवा चेनमध्ये अडकली तर गळ्याला फास बसतो. मागच्या चाकाला जाळी आणि चेनला कव्हर असलेली सायकल मुलीसाठी चांगली. स्कार्फ कानावर इतका घट्ट नको की हॉर्न ऐकू येणार नाही. कानात मोबाईलच्या वायरी तर नकोतच. आणि जमेल त्यांनी हेल्मेट जरूर घ्यावं. सायकलला त्याची सक्ती नसली तरी डोकं प्रत्येकीला एकच असतं.

उसाच्या ट्रॉल्यांपासून जपून

आपल्याकडं थंडी आणि कारखान्यांचा हंगाम एकाच वेळी येतात. सातारा, कुडाळ, मेढ्याच्या बाजूनं ज्या मुली मोठ्या रस्त्याला लागतात, त्यांची गाठ उसाच्या ट्रॅक्टरशी पडतेच. पुढं मोठ्यानं लावलेली गाणी, मागं दोन-दोन ट्रॉल्या आणि कडेनं बाहेर आलेला ऊस. बेल वाजवली तरी त्या ड्रायव्हरला ऐकू जात नाही, हे धरूनच चालायचं.

ट्रॅक्टर वळताना मागची ट्रॉली पुढच्यापेक्षा आत घुसते. त्यामुळं वळणावर ट्रॅक्टर आणि रस्त्याची कड यांच्यामध्ये कधीच जायचं नाही. थांबावं, त्याला जाऊ द्यावं. ट्रॉलीला हात धरून चढ चढायची हौस काही मुला-मुलींना असते, ती जिवावर बेतते. पंक्चर होऊन रस्त्याकडेला उभी असलेली ट्रॉली धुक्यात एकदम पुढ्यात येते. तिला वळसा घालण्याआधी थांबून मागं बघायचं. आणि पडलेलं पाचट दवानं ओलं झालं की शेवाळासारखं निसरडं होतं. त्यावर ब्रेक दाबायचा नाही, हँडल सरळ ठेवून हळू निघायचं.

हंगामात ट्रॉल्यांच्या मागं रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा निघतात. तुमच्या घरचा किंवा भावकीतला ट्रॅक्टर असेल तर मोहिमेची वाट बघू नका. दुसऱ्याच्या लेकीसाठी लाल पट्टी आजच लावून टाका.

सायकलीचंही जरा बघा

चाकाची रिम ओली असली की ब्रेक लगेच धरत नाही. गरज पडायच्या आधी एक-दोनदा हलकेच दाबून रिम पुसून घ्यायची. उतारावर दोन्ही ब्रेक वापरायचे, दाबायचे-सोडायचे, एकट्या पुढच्या ब्रेकवर विसंबायचं नाही. झिजलेले गुटके बदलून घ्यायचे. केळघरच्या बाजूचे उतार ज्यांना माहीत आहेत, त्यांना हे सांगायला नको. जिथं भीती वाटेल तिथं उतरून चालत जाण्यात कमीपणा नाही.

चेनला आठवड्यातून एकदा तेल द्यावं. शिलाई मशिनचं तेल चालतं. घरात आहे म्हणून खोबरेल घालू नका, थंडीत ते गोठतं आणि त्यावर धूळ बसते. रविवारी दहा मिनिटं काढून हे काम मुलीलाच शिकवा. पंक्चर झालं तर निदान ट्यूबमध्ये हवा कशी भरायची हे तरी तिला यावं.

एकीचं काम नाही

एवढं सगळं केलं तरी एक भीती उरतेच. अंधाराची आणि त्यातल्या माणसांची. ती रेडियमनं जात नाही. ती सोबतीनं जाते.

एका वस्तीवरच्या पाच-सहा मुलींनी एकत्रच निघायचं, एका रांगेत चालायचं. सगळ्यात पुढची आणि सगळ्यात मागची दिवेवाली. मागं कुणी राहिली तर सगळ्यांनी थांबायचं. निघताना आणि पोचल्यावर एका आईला फोन, आणि तिनं बाकीच्या घरी सांगायचं. कुणी रोज रस्त्यात उभं राहून त्रास देत असेल तर मुलीची सायकल बंद करणं हा उपाय नाही, त्यानं त्रास देणाऱ्याचंच फावतं. ११२ ला फोन करा, मुलांसाठी १०९८ आहे, आणि पोलिसांच्या निर्भया पथकाला शाळेमार्फत कळवता येतं.

शाळेशीही बोलायला हवं. आमच्या माहितीतल्या काही आयांनी मिळून शिक्षकांना भेटून सांगितलं की, सातचा जादा तास थंडीपुरता शाळा भरायच्या थोडा आधी घ्या आणि संध्याकाळचा अर्धा तास लवकर सोडा. शिक्षक म्हणाले, "हे आधी कुणी बोललंच नाही!" वेळ बदलली. त्याला एक पैसा लागला नाही. एकटी आई गेली असती तर कदाचित तिला परत पाठवलं असतं, सात-आठ जणी गेल्या म्हणून काम झालं. शाळेकडं आणखी एक मागा. कपडे बदलायला आणि ओले कपडे वाळत घालायला मुलींना एक आडोशाची जागा. ती नसेल तर दप्तरातला कोरडा जोड दप्तरातच राहतो.

गावाकडच्या बायकांनी लक्षात ठेवावं की, कायद्यानं प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. तिथं मागणी करा की शाळेच्या वाटेवरच्या वळणाला दिवा लावा, रस्त्यात आलेली घाणेरीची झुडपं तोडा, खड्डे बुजवा. मेढ्यासारख्या ठिकाणी नगरपंचायतीत अर्ज द्या. बचत गटानं एकदम रेडियमच्या पट्ट्या आणि मागचे दिवे आणले तर स्वस्त पडतात. आपल्या जावळीच्या बायका काही गप्प बसणाऱ्यांतल्या नाहीत. दारूच्या दुकानांविरुद्ध मतदान करून त्यांनी बाटली आडवी करून दाखवली आहे. मग एक दिवा लावून घेणं किती अवघड आहे?

थंडीच्या ऐन मध्यात, ३ जानेवारीला, सावित्रीबाईंची जयंती येते. त्या आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. पुण्यात शाळेला जाताना लोक अंगावर शेण-चिखल फेकत, म्हणून त्या पिशवीत एक जादा लुगडं ठेवत, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यांनी लुगडं बदललं, शाळा बंद केली नाही. आपल्या लेकीच्या वाटेवर फार तर धुकं आहे आणि दवाचं पाणी आहे.

तेव्हा या रविवारी पडवीतलं ते पोतं बाजूला करा. हवा भरा, चेनला तेल द्या, मडगार्डला लाल पट्टी चिकटवा आणि दप्तरात कोरडा जोड ठेवा. मग शेजारच्या घरी जाऊन विचारा, "तुमची पोरगी किती वाजता निघती?" सोमवारी दोघी बरोबर निघू देत.